खिडकीच्या हिरव्या रंगाखालचं इंजिन

पार्श्वभूमी

माझं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, टू-व्हीलरचं पेंटिंग, त्यातही जुन्या बुलेटी जास्त. टाक्या, मडगार्ड, टूलबॉक्स, रोजचं हेच. छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद दहा-बारा वर्षांपूर्वी लागला आणि आता गावात चार लोकांना माहीत झालंय की तो बुलेटवाला खेळण्यातल्या रेल्वे पण करतो, त्यामुळं वर्षाला एखादं प्रकरण दारात येतंच. हे त्यातलंच एक. माणसांची ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय, बाकी झालं तसं लिहितोय, चुकांसकट.

जूनचा दुसरा आठवडा असेल, पाऊस नुकता लागलेला. मंगळवार पेठेतला एक जुना वाडा उतरवायला काढला होता, माळ्यावरनं सामान खाली घेताना एक पत्र्याची ट्रंक निघाली आणि त्या घरच्या ताई ती ट्रंक रिक्षात घालून थेट माझ्याकडं. म्हणाल्या, "दादा, आप्पांचं आहे हे, लहानपणीचं. ऑगस्टमध्ये आप्पांना ८० पूर्ण होतात, तोवर अगदी नव्यासारखं करून द्या, पण त्यांना कळू द्यायचं नाही हं."

ट्रंकेत हॉर्नबी-डब्लोचा सेट. इंग्लंडात लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९३८ ला हा प्रकार बाजारात आणला, आधीच्या 'ओ' नावाच्या मोठ्या मापाच्या साधारण निम्मा, रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर, खऱ्या रेल्वेच्या ७६ व्या हिश्शाएवढा. रूळ तीन, मधला करंटचा, १२ व्होल्ट डीसी. आमच्या ट्रंकेत एक टँक इंजिन (पाण्याची टाकी इंजिनावरच असते ते), दोन प्रवासी डबे, चार मालडबे, रुळांचे तुकडे आणि एक जुना ट्रान्सफॉर्मर ज्याच्या वायरीचं रबर हात लावला की भुगा होऊन पडत होतं. आप्पांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेला, साधारण १९५० च्या पुढं-मागं.

अडचण

इंजिन हिरवं होतं. म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना आणि गजांना असतो ना तो हिरवा, ऑइल पेंट, ब्रशनं मारलेला, ओघळ तसेच वाळलेले, खिळ्यांची बारीक नक्षी सगळी त्यात बुडालेली. ब्रशचा एक केससुद्धा अडकून राहिला होता चिमणीजवळ. आणि जागोजागी पापुद्रे निघालेले.

पापुद्रे कुठं निघालेत ते बघणं महत्त्वाचं होतं. या इंजिनाची बॉडी लोखंडाची नाही, पितळेचीही नाही, ती ओतीव जस्ताची, त्यात थोडं ॲल्युमिनियम, तिकडं त्याला मॅझॅक म्हणतात. उघड्या जस्तावर थेट ऑइल पेंट मारला की काही वर्षांत रंगातलं तेल आणि जस्त यांची रिॲक्शन होऊन मधे साबणासारखा थर धरतो आणि रंग सुटतो. म्हणजे जिथं हिरवा सुटतोय तिथं खाली मूळ रंग नाही, नुसता धातू आहे, आणि जिथं घट्ट बसलाय तिथं खाली काहीतरी शिल्लक असणार. हे मला त्या वेळी सुचलं ते इंजिन पालथं करून चहा पिता पिता, आणि उजव्या बाजूला पापुद्रेच पापुद्रे, डाव्या बाजूला जवळपास नाहीतच. असं एकाच बाजूला का, ते मात्र कळेना.

तपासणी आणि पहिली चूक

आधी धातूचं आरोग्य. ओतीव जस्तात शिसं मिसळलं गेलं असेल तर काही वर्षांनी तो आतून फुगतो, तडे जातात, शेवटी बिस्किटासारखा तुटतो, आणि त्याला औषध नाही. युद्धाआधीच्या मालात हे जास्त दिसतं. भिंग घेऊन सगळं बघितलं, इंजिन ठणठणीत होतं, एका मालडब्याच्या चासीला केसाएवढी रेघ होती, तो डबा बाजूला ठेवला.

मग डबे. प्रवासी डबे आणि मालडब्यांच्या वरच्या पेट्या पत्र्याच्या, आणि त्यावरचं चित्र, खिडक्या, रेघा, अक्षरं, हे सगळं पत्र्यावर छापलेलं. रंगवलेलं नाही, छापलेलं. बिस्किटाच्या जुन्या डब्यावर असतं तसं. हे ओळखायला बॅटरीचा उजेड आडवा टाकायचा, चिकटवलेलं अक्षर असेल तर त्याची कड उठून दिसते, छापलेलं असेल तर सपाट. छापील पत्र्याला रंग काढायचा रिमूव्हर लावला की संपलं, ते परत आणायचा उपाय माझ्याकडं तरी नाही. म्हणून ताईंना तेव्हाच सांगितलं की डब्यांना मी फक्त कोमट पाणी, दोन थेंब साबण आणि कापूस लावणार, वर थोडं मेण, बस्स.

एवढं सगळं शहाण्यासारखं केलं आणि मग घोटाळा झाला. माझ्याकडं बुलेटच्या लोखंडी पार्टचा रंग काढायला गरम कॉस्टिक सोड्याचं बॅरल असतं, स्टँड, फूटरेस्ट वगैरे त्यात सोडायचं, तासाभरात सगळं सोलून निघतं. मी जेवायला घरी गेलो होतो. कामावरचा पोरगा गुणी आहे, त्यानं बघितलं मालक या बारक्या वस्तूंचा रंग काढणार आहेत, तर आपण थोडी मदत करू म्हणून एका मालडब्याची चासी तारेला बांधून बॅरलमध्ये सोडली. मी आलो तर फस्स्स करून फेस येत होता आणि तो वर वाकून कौतुकानं बघत होता.

कॉस्टिक लोखंडाला काही करत नाही, पण जस्ताला आणि ॲल्युमिनियमला खातं. तो फेस म्हणजे हायड्रोजन, पेटणारा गॅस. आधी पोराला मागं ओढला, मग तार. जास्तीत जास्त वीस मिनिटं झाली असतील, पण चासी काळीठिक्कर, ब्रेकचे बारीक ठोकळे जिभेनं चाटल्यासारखे गुळगुळीत झालेले, आणि पृष्ठभागावर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं.

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडणार कुणावर? त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं की हे लोखंड नाही. हातात घेतलं तर जड लागतं, रंगाखाली करडं दिसतं, कुणालाही लोखंडच वाटेल. आणि खरं सांगायचं तर चुंबक लावून बघायला दोन सेकंद लागतात, तो चुंबक माझ्या ड्रॉवरमध्ये होता. ताईंना त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या इंजिन बरंय ना. इंजिन बरं होतं.

पर्याय

इंजिनाच्या बॉडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला हिरव्याचा एक ओघळ होता, तिथं टेस्ट घेतली. ड्युको थिनर, म्हणजे गाड्यांच्या रंगात घालतात ते, लावलं तर हिरवा आणि खालचा काळा दोन्ही मऊ पडायला लागले, ते लगेच बंद. मग आयपीए, म्हणजे मोबाइल रिपेअरवाले बोर्ड पुसायला वापरतात ते स्पिरिट, कापसावर घेऊन पाच-पाच मिनिटं ठेवत गेलो. हिरवा हळूहळू चिकट झाला आणि लाकडी काडीनं निघाला, खालचा काळा तसाच राहिला. मूळ रंग बराच पक्का होता, आणि घरगुती ऑइल पेंट त्याच्यापुढं काहीच नाही.

म्हणजे समोर तीन रस्ते. एक, काहीच काढायचं नाही, साफ करून द्यायचं, पण ताईंना ते चालणार नव्हतं आणि मलाही तो हिरवा बघवत नव्हता. दोन, रिमूव्हरनं सगळं धातूपर्यंत काढून नवा काळा मारायचा, नवी अक्षरं लावायची, चार-पाच दिवसांचं काम आणि दिसायला एकदम शोरूम. तीन, फक्त हिरवा काढायचा आणि खाली जे निघेल ते ठेवायचं, काम कटकटीचं आणि खाली काय निघेल त्याची गॅरंटी नाही.

मी तिसरा धरला, डाव्या बाजूनं सुरुवात केली. रोज दुकान बंद झाल्यावर तासभर. तिसऱ्या दिवशी अक्षरं दिसायला लागली, एल एम एस, आणि मग नंबर, ६९१७. सोनेरी थोडं विटलेलं, पण जागच्या जागी. हे असं निघतं ना तेव्हाचा आनंद सांगता येत नाही, भिजलेल्या कपड्यानिशी मी बायकोला फोटो पाठवला, तिनं उत्तर पाठवलं की येताना दूध आणा.

आता इथं एक गंमत सांगतो. एल एम एस म्हणजे लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे, १९२३ ते १९४७ अशी कंपनी होती. पण हे इंजिन ज्याचं मॉडेल आहे ते एन-टू जातीचं, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचं, पुढं ते दुसऱ्याच कंपनीकडं गेलं. एल एम एसकडं हे इंजिन कधी नव्हतंच. खेळणं बनवणाऱ्यांनी एकच साचा केला आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या रंगात विकला, ज्या पोराला जी कंपनी आवडेल ती. त्यामुळं "ओरिजिनल" म्हणून लोक भांडतात तेव्हा मला हसू येतं, कारखान्यातनंच ते खोटं होऊन आलंय. पण ते १९५० चं खोटं, माझ्या हातचं नाही, एवढा फरक आहेच.

उजव्या बाजूला आलो तर दोन बोटं हिरवा निघाला आणि खाली धातू. अक्षर नाही, नंबर नाही, काळा नाही, नुसते आडवेतिडवे ओरखडे, कुणीतरी पॉलिश पेपरनं घासलेले.

निर्णयाची जागा

एक बाजू ७० वर्षं जुनी, दुसरी उघडी. आता? ताईंचं म्हणणं सरळ होतं, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, सगळं काढा आणि नवं करा, वाढदिवसाला अर्धवट काय द्यायचं. चूक नव्हतं ते. माझं मन डाव्या बाजूपाशी अडकलं होतं, कारण रंग काढायला एक दुपार लागते आणि काढलेला परत लावता येत नाही. पण वस्तू माझी नव्हती आणि ताईंचीपण नव्हती. दोन दिवस मी काहीच केलं नाही, मग ताईंना म्हणलं सरप्राइज राहू दे, आप्पांना विचारा. त्या नाराज झाल्या, पण रविवारी आप्पांना घेऊनच आल्या.

आप्पांनी स्टुलावर बसून इंजिन हातात घेतलं, डाव्या बाजूला बघितलं आणि नंबर मोठ्यानं वाचला. मग उलटं केलं, उजवीकडचे ओरखडे बघितले आणि हसायलाच लागले. "हे बाळ्याचं काम. खिडक्यांचा रंग उरला होता, त्यो मारायचा म्हणून बसला. पेंटरनं सांगितलेलं आधी घासून घे, तर एक बाजू घासली मर्दानं आणि मग कंटाळा आला, दुसरी तशीच रंगवली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, पण मार मी खाल्ला."

कोडं सुटलं. मी विचारलं, मग हिरवा ठेवायचा का थोडा, आठवण म्हणून? आप्पा म्हणाले, "तुला आवडत असला तर तुझ्या घरी ठेव. मला नंबरची बाजू हाय तशी दे, दुसरीचं काय करायचं ते तू बघ." ताई काही बोलल्या नाहीत, पण तिथं विषय मिटला.

काय केलं

ठरलं असं: डावी बाजू मूळ ठेवायची, उजवी बाजू आणि वरचा भाग धातूपर्यंत काढून नवा रंग.

आधी बॉडी आणि चासी वेगळी केली. मोटर उघडली नाही, मुद्दाम. या जुन्या मोटरींचं मॅग्नेट असं असतं की मधला फिरणारा भाग बाहेर काढून ठेवला तर मॅग्नेटची ताकद कमी होते, आणि मग इंजिन नुसतं गरम होतं, ओढत नाही. बाहेरनं साफ केली, बेअरिंगला सुईच्या टोकानं एक-एक थेंब तेल.

डाव्या बाजूला मास्किंग टेप लावली आणि उजवीकडं रिमूव्हर जेल. याचा वास गोडसर असतो आणि वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते, म्हणून पाऊस असूनही शटर पूर्ण उघडं ठेवून फॅन खाली लावला. निळे पातळ हातमोजे यात दोन-चार मिनिटांत मऊ पडून फाटतात, जाड वापरायचे. घासायचं काम सगळं पाण्यातलं, वॉटर पेपरनं. जुन्या रंगात शिसं असायची शक्यता असते, कोरडं घासलं की ती धूळ नाकात आणि तिथनं घरी. निघालेला चिखल पेपरात गुंडाळून वेगळा, मोरीत नाही.

आणि इथं दुसरी चूक. रिमूव्हर टेपचा गोंदसुद्धा विरघळवतो, हे मला माहीत होतं, टाकीच्या कामात शंभर वेळा बघितलंय, तरी मी एकाच टेपवर भागवलं. जेल वरच्या कडेनं आत शिरलं आणि टेप काढली तेव्हा डाव्या बाजूची वरची कड, दोनेक मिलिमीटर रुंद आणि अंगठ्याएवढी लांब, चांदीसारखी चकाकत होती. अक्षरांपासून अर्धा सेंटीमीटर. त्या दिवशी मी हत्यारं धुऊन सरळ घरी गेलो.

त्यानंतर उरलेलं रिमूव्हरनं केलंच नाही. आयपीए आणि काडी, पाच दिवस जास्त लागले.

जस्तावर नेहमीचा प्रायमर धरत नाही, म्हणून धातूला किंचित खाऊन धरणारा ॲसिडवाला एच (etch) प्रायमर, एकच पातळ हात. त्यावर काळा. माझी बुलेटची स्प्रे गन १.४ मिलिमीटर नोझलची, ती इथं चालत नाही, एका फवाऱ्यात सगळे खिळे बुडतील, त्यासाठी ०.३ ची एअरब्रश आणि प्रेशर १५-२० पीएसआयच्या आत. काळा म्हणजे काळा असं नसतं हे बुलेटवाल्यांना सांगायला नको, नवा ड्युको काळा जुन्याशेजारी निळसर मारत होता, तपकिरीचे थेंब घालत घालत पत्र्याच्या तुकड्यांवर अकरा नमुने केले, नववा जुळला.

जुलैचा शेवट. बाहेर सगळं गाव राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीवर डोळे लावून, इशारा ३९ फूट, धोका ४३, तासातासाला आकडे, आणि आत मी काळा मारतोय. दुसरा हात मारला आणि मिनिटभरात सगळ्यावर दुधासारखी साय. थिनर भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं, पावसाळ्यात ड्युकोचं हे दुखणं जुनंच. घासून काढायची गरज पडत नाही. बॉडी १०० वॉटच्या पिवळ्या बल्बखाली कोमट केली, रिटार्डर थिनरचा एक हलका फवारा दिला, साय गेली. पुढचे दोन हात मात्र उघडीप बघूनच मारले, आणि त्यात आठवडा गेला.

उजव्या बाजूला अक्षरं लावायची का? लावली. पाण्यात सोडून सरकवायची ट्रान्सफर येतात, आधी ग्लॉस क्लिअर, त्यावर ट्रान्सफर, वर पातळ सॅटिन. खरबरीत रंगावर थेट लावली तर खाली हवा राहून चंदेरी दिसतं. फोटोवरनं डाव्या बाजूचं अंतर मोजून लावली.

बंकरच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या कोळशाच्या पेटीच्या, आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढा तुकडा मी काहीच न करता ठेवला, हिरवा आणि त्याखालचा काळा दोन्ही. प्रत्येक कामात ठेवतो, पुढं कुणी करायला घेतलं तर त्याला कळावं आधी काय होतं.

काय झालं

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी दिलं. जुना ट्रान्सफॉर्मर प्लगला लावू दिला नाही, तो ट्रंकेतच राहील. १२ व्होल्टचा नवा सप्लाय जोडला, आप्पांच्या हॉलमध्ये दीड मीटर रूळ मांडले, इंजिन आधी नुसतं गुरगुरलं, मग बोटानं जरा ढकलल्यावर निघालं. दोन प्रवासी डबे ओढतं, तिसरा म्हणून मालडबा जोडला तर चाक घसरतं.

उजवी बाजू नवी दिसते, डावी जुनी, लपत नाही. ताईंना अजून ते खटकतं, त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि मला त्यात वाईट वाटायचं कारण नाही. खराब झालेल्या कडेला मी बारीक ब्रशनं काळा लावलाय, समोरनं कळत नाही, खिडकीतनं तिरकं ऊन आलं की कळतं. चासीचे पैसे मी बिलातनं वजा केले.

वाढदिवसाला धाकटे काका, म्हणजे तेच बाळ्या, पुण्याहून आले होते. त्यांचा दुसऱ्या दिवशी मला फोन, "सगळा हिरवा काढलात होय हो? आमची पण मेहनत होती त्यात." म्हणलं बंकरच्या आत बॅटरी मारून बघा.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी मालकाला विचारीन, खऱ्या मालकाला. पहिल्याच दिवशी आप्पांशी बोललो असतो तर एक बाजू घासलेली आहे हे तिथंच कळलं असतं, उजवीकडचे तीन दिवस काडी फिरवण्यात गेले नसते. सरप्राइजचं काम आता मी घेत नाही, घेतलं तर साफसफाईपुरतं.

जुना रंग वाचवायचा असेल तर त्याच बॉडीवर रिमूव्हर आणायचाच नाही, टेप कितीही लावा. वेळ कमी होता म्हणून मी आणला, आणि वाचले किती, एक दिवस. पावसाळ्यात तारीख दिली हीसुद्धा चूकच, ड्युकोचं काम दिवाळीनंतरचं, पण ८० वा वाढदिवस पुढं ढकला असं कुणाला सांगणार.

मालडबा आता साध्या लाकडी पट्टीवर उभा आहे, तसली चासी अजून मिळालेली नाही. खराब झालेली मी दुकानात कॉस्टिकच्या बॅरलवर तारेनं टांगली आहे, शेजारी चुंबकपण. नवीन पोरगा कामाला आला की जुना पोरगाच त्याला दाखवतो, माझं नाव सांगून.